माझं पाणी पापलेटं प्यायची

मित्रांनो, मी माठ. आता जुना झालोय, गळ्याशी टवका उडालाय, बुडाला शेवाळ धरलंय, पण त्याचं मला काही नाही. माझी खरी खोड वेगळीच आहे. मी भारी जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक मला बघवत नाही. तुमच्या वर्गात असतो ना एखादा, शेजारच्या डब्यात श्रीखंड दिसलं की ज्याला स्वतःची पोळीभाजी कडू लागते, तसला मी. तेव्हा बोलता बोलता माझ्या तोंडून किटलीबद्दल काही वाईटसाईट निघालं, तर समजून घ्या.

माझा जन्म कुंभारवाड्यातला. चाकावर फिरून फिरून मला गरगरलं, मग थापटण्याने थोपटून माझं पोट गोल केलं आणि चिंध्या जाळून पेटवलेल्या भट्टीत भाजलं. भट्टीत माझ्या शेजारी पणत्या होत्या. त्यांना दिवाळीत दारोदार मांडणार, त्यांच्यासमोर लोक हात जोडणार, असं ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एवढा मोठा, पोटभर पाणी देणारा, आणि हात जोडणार कोणाला, तर या टीचभर पणत्यांना!

पण माझंही नशीब उघडलं. उन्हाळ्याच्या तोंडाला सखुबाई आली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ती कोळीण. अंगाने दणकट, नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा. तिने ओळीतला एकेक माठ बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. बाकीचे बद्द वाजले, माझा आवाज टणटणीत निघाला. "हाच देस. याचा गला माझ्यासारखा हाय," असं ती कुंभाराला म्हणाली आणि मला कडेवर घेऊन निघाली. त्या दिवसासारखा मान मला परत कधी मिळाला नाही.

अंधेरीतल्या एका मच्छीबाजारात सखुबाईचा ओटा होता. वर पत्रे, खाली सिमेंटचे ओटे, त्यावर मांडी घालून बसलेल्या कोळणी आणि त्यांच्या पुढ्यात चकचकीत मच्छी. सखुबाईने मला तिच्या ओट्याजवळ खांबाला टेकून विटांवर बसवलं. तोंडावर थाळी, थाळीवर ॲल्युमिनियमचा मग. शेजारच्या ओट्यावर सुकी मच्छी विकणारी मथुरा बसायची. तीही माझंच पाणी प्यायची. खरं तर सगळा बाजारच प्यायचा. एप्रिल-मे महिन्यात पत्रे तापले की बायका पदराने वारा घेत माझ्याकडे यायच्या. गिऱ्हाइकं सुद्धा मच्छीचा भाव करता करता घोटभर मागून घ्यायची. "काय गार पाणी आहे हो!" असं कुणी म्हटलं की मी नुसता पाझरायचो.

सखुबाईचा आवाज म्हणजे काय सांगू! तिने हाळी दिली की रस्त्यापलीकडची बाई पिशवी घेऊन वळायची. भावावरून कुणी हुज्जत घातली तर ती त्याला अशी झोडपायची की तो निमूटपणे बोंबील घेऊन निघून जायचा. तोंड हेच तिचं भांडवल. बाजारात तिच्या तोंडाला लागायची हिंमत मुकादमातही नव्हती.

आपण विलायतेत क्रिकेटचा कप जिंकला, ते हे वर्ष. पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि हवा पालटली. मुंबईची थंडी ती कसली, पुण्याची माणसं तिला हसतात. पण पहाटे वेसाव्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत उभं राहून बोटीतली मच्छी उतरवायची तर दात वाजतातच. बायका कानाला फडकी बांधून बाजारात यायच्या. आणि तेव्हापासून माझे वाईट दिवस सुरू झाले.

कारण ती. किटली. धोंडू चहावाल्याची.

बुडाला काळीकुट्ट, पोटाला पोचे, झाकण सुतळीने बांधलेलं. असल्या रूपावर बाजार फिदा! धोंडू तिला घेऊन बाजारात शिरला की बायका लांबूनच हात करायच्या. "आली गो, आली," असं म्हणायच्या, जशी काही नवी नवरीच आली. सकाळी चहा, दहा वाजता चहा, दुपारी चहा. माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी तसंच असायचं. दुसऱ्या दिवशी ते शिळं म्हणून ओतून द्यायच्या, आणि किटली मात्र रिकामी होऊन परत परत भरून यायची. मला तिचा इतका राग यायचा की कडेने एक चीर जाते की काय, अशी भीती वाटायची.

बायकांचं म्हणणं असं की थंडीत माठाचं पाणी प्यायलं की घसा बसतो. घसा बसला तर हाळी कशी देणार? आणि हाळी दिली नाही तर मच्छी खपणार कशी? आधीच थंडीत तहान लागत नाही, त्यात ही भीती. सखुबाई तर त्याची फुशारकी मारायची. सकाळपासून घोटभर पाणी नाही घेतलं आणि बघ मी कशी टुणटुणीत, असं ती मथुरेला सांगायची. मग मथुरा म्हणायची, तू सकाळपासून, मी तर काल संध्याकाळपासून नाही घेतलं. दोघी हसायच्या. पाणी न पिणं ही जशी काही शर्यत होती, आणि मी मधे बसून ती बघत होतो.

पौषात सखुबाईची कंबर दुखायला लागली. उजव्या बाजूला, मागे, बरगडीच्या खाली. ती म्हणाली, बसून बसून धरली असेल. मथुरेने तेल चोळून दिलं. तरी थांबेना, तेव्हा सखुबाई कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायला लागली. सकाळी एक, दुपारी एक, आणि दोन्ही चहाबरोबर. गोळी गिळायला तरी माणूस पाणी घेतं की नाही? तिथेही किटलीच!

क्षमाबाई नावाची एक डॉक्टरीण सखुबाईची नेहमीची गिऱ्हाईक होती. तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. ती एकदा मच्छी घेता घेता थांबली आणि सखुबाईच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांखाली सूज दिसतेय, दवाखान्यात ये, लघवी तपासू, असं ती हळूच म्हणाली. सखुबाईने इकडेतिकडे पाहिलं. डॉक्टरिणीचं ते बोलणं कोणी ऐकलं तर नाही ना, याची तिला जास्त काळजी.

"बाय, तू सुरमई बघ. माझ्या तोंडाकडं काय बघतेस?" असं म्हणून तिने विषय तोडला.

बघा मित्रांनो. भावावरून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं भांडणारी बाई, पण स्वतःच्या अंगातलं दुखणं सांगायचं म्हटलं की तिचा आवाज कुठे जायचा कोण जाणे.

मग एका दुपारी ती रावस कापत होती. एकाएकी तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. मथुरेला वाटलं थंडी वाजतेय, म्हणून तिने स्वतःची शाल टाकली. पण सखुबाईचं अंग तव्यासारखं तापलं होतं. कोयता हातातून निसटला आणि ती पोटाशी पाय घेऊन ओट्यावरच आडवी झाली. धोंडूने किटली तिथेच जमिनीवर ठेवली आणि रिक्षा आणायला धावला. एरवी ती किटली अशी धुळीत बसलेली बघून मला आनंद झाला असता. त्या दिवशी झाला नाही.

पुढचं मी मथुरेच्या तोंडून ऐकलं. लघवीच्या वाटेत खडा अडकला होता. त्याच्या मागे लघवी तुंबली, तिच्यात पू झाला आणि उजवी किडनी पार नासली. क्षमाबाईने तिला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे ती किडनी काढून टाकावी लागली. सखुबाई वाचली, पण आता तिच्यापाशी एकच किडनी उरली. तीही गोळ्यांनी आणि तहानेने थकलेली. ती गेली तर सखुबाई गेली. तिला तिथे सलाईनची बाटली लावली होती म्हणे, थेंब थेंब पाणी शिरेतून जात होतं. हे ऐकून मला रडू आलं, आणि खरं सांगू का, त्या बाटलीचा हेवाही वाटला. मी तोंडाशी आलेलं पाणी घेऊन महिनोन् महिने बसलो होतो, ते तिने घेतलं नाही, आणि त्या काचेच्या बाटलीचं मात्र घेतलं.

सखुबाई पावसाळ्यानंतर बाजारात परतली. अंग वाळलं होतं, पण आवाज तोच. आता तिच्या शेजारी तिची मुलगी जया बसायला लागली. जयाचं लग्न कोळीवाड्यातच झालेलं, तीही आईसारखीच बोलायला फटकळ.

थंडी सुरू होताच क्षमाबाई मुद्दाम बाजारात आली आणि माझ्यासमोर उभी राहून सखुबाईला बजावू लागली. थंडीत तहान लागत नाही, म्हणून शरीराला पाणी लागत नाही असं नाही. थोडं थोडं, दिवसभर प्यायचं. गार सोसत नसेल तर कोमट करून प्या. चहा म्हणजे पाणी नव्हे. लघवी पिवळीजर्द दिसली की समजायचं, पाणी कमी पडतंय. लघवी अडवून धरायची नाही. मनाने दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि सुकी मच्छी कमी, त्यात मीठ फार. हे शेवटचं ऐकून मथुरेने नाक मुरडलं, पण मी? मी हवेत तरंगत होतो! डॉक्टरिणीने भर बाजारात किटलीला खाली बसवलं होतं. धोंडू समोरच उभा होता. मी किटलीकडे असं काही पाहिलं की काय सांगू.

क्षमाबाईसमोर सखुबाईने मगभर पाणी घेतलं आणि एक घोट प्यायला. क्षमाबाई खूश होऊन गेली. ती कोपऱ्यावरून वळली मात्र, सखुबाईने मगातलं उरलेलं पाणी पुढ्यातल्या पापलेटांवर शिंपडलं.

मला वाटलं, चुकून झालं असेल. पण रोज तेच. मग भरायचा, ओठ ओले करायचे आणि बाकीचं मच्छीवर शिंपडायचं. बघणाऱ्याला वाटावं, बाई किती पाणी पितेय, माठ कसा भराभर खाली होतोय! आणि माझं पाणी प्यायची कोण, तर पापलेटं. मेलेली पापलेटं! किटलीचा हेवा परवडला. ती निदान माणसांच्या पोटात तरी जात होती.

ती असं का करते, ते मला एका दुपारी कळलं. मथुरेने तिला विचारलं, डॉक्टरीण एवढी सांगते, मग पीत का नाहीस? सखुबाई खालच्या आवाजात म्हणाली, पिऊन जाऊ कुठे? बाजाराच्या मागच्या कोपऱ्यात बायकांसाठी एक मुतारी होती. तिला सगळ्या 'मोरी' म्हणायच्या, खरं नाव घ्यायची लाज. पण तिच्या पत्र्याच्या दाराला कुलूप होतं आणि आत बर्फवाल्याची रिकामी खोकी रचलेली होती. पुरुषांची उघडी होती. ते जायचे, यायचे. बायका पहाटे घरून निघताना एकदा जायच्या आणि दिवेलागणीला घरी पोचल्यावर दुसऱ्यांदा. उन्हाळ्यात पाणी घामावाटे निघून जायचं, म्हणून निभायचं. थंडीत घाम नाही. प्यायलं की जावंच लागणार. म्हणून घशाचं निमित्त, शर्यत आणि ती फुशारकी. हे सगळ्या जणींना ठाऊक होतं आणि एकही जण मुकादमाकडे चावी मागायला जात नव्हती. भर बाजारात, पुरुषांसमोर हे बोलायचं कसं?

इतके दिवस मी किटलीवर जळत होतो. बिचारीचा यात काही संबंधच नव्हता!

जया तेव्हा पोटुशी होती. पोटुशी बाई म्हणजे तिला तर सारखं जावं लागतं. ती दुपारपर्यंत चुळबुळ करायची, बसण्याची बाजू बदलायची, ओठ चावायची. आणि ती काय करायची, ठाऊक आहे? मगभर पाणी घ्यायची, ओठ ओले करायची आणि बाकीचं पुढ्यातल्या हलवा मच्छीवर शिंपडायची. हुबेहूब आईसारखं. सखुबाई गिऱ्हाइकांत असायची, तिचं लक्ष नसायचं. मी ओरडत होतो, पण माठाचं ओरडणं कोण ऐकतं?

तो रविवार होता. बाजार गच्च भरलेला. सखुबाई बोंबलाची पाटी पुढे ओढायला वळली आणि तिने पाहिलं. जया एका हाताने कंबर दाबत होती आणि दुसऱ्या हाताने मगातलं पाणी मच्छीवर टाकत होती.

"काय होतंय गो?" सखुबाईने विचारलं.

"काय नाय आये. बसून बसून कंबर धरलीय."

सखुबाईचा हात पाटीवरच राहिला. हेच शब्द वर्षापूर्वी याच ओट्यावर तिने स्वतः म्हटले होते. तिने जयाजवळ सरकून कानात काहीतरी विचारलं. जयाने मान खाली घातली आणि होय म्हणाली. लघवीला जळजळत होतं. आठवडाभर.

"मग पाणी का नाय पीत?"

"तू पितेस?" जया म्हणाली.

सखुबाईने बोंबलाची पाटी बाजूला सारली. ती ओट्यावर उभी राहिली. पदर कमरेला खोचला. बोंबलाची हाळी द्यायची त्याच आवाजात, त्याच पट्टीत तिने मुकादमाला हाक मारली.

"जयवंत, मुतारीची चावी आण! माझी पोर पोटुशी हाय, तिला लघवीला जायचंय!"

भाव करणारे थांबले. कोयते थांबले. धोंडूच्या हातातली किटली तिरकी झाली आणि चहा भलत्याच पेल्यात गेला. जयाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुकादम जयवंत लालबुंद होऊन गर्दीतून पुढे आला आणि बाई, जरा हळू बोला, गिऱ्हाइकं आहेत, असं पुटपुटला.

"हलू बोलून माझी एक किडनी गेली," सखुबाई म्हणाली. "आता नाय बोलणार हलू."

मग मथुरा सुक्या बोंबलांच्या ढिगामागून उठली आणि म्हणाली, मलाही जायचंय. पलीकडच्या ओट्यावरची म्हातारी राधा उठली. कोलंबीवाली उठली. मच्छी घ्यायला आलेली एक नीटनेटक्या साडीतली बाईसुद्धा पिशवी खाली ठेवून म्हणाली, अहो, मलाही. बघता बघता सगळे ओटे रिकामे झाले. मच्छी तशीच उघडी टाकून कोळणी उठल्यात, असं दृश्य त्या बाजाराने कधी पाहिलं नव्हतं. मांजरांची मात्र चंगळ झाली.

जयवंत चावी घेऊन आला. ती त्याच्याच खोलीत खिळ्याला टांगलेली होती. आजवर कोणी मागितलीच नाही, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. बायकांनी खोकी उचलून बर्फवाल्याच्या दारात नेऊन ठेवली. नळ सोडला, तर तोही सुरू. बादल्या ओतून, खराट्याने घासून त्यांनी ती जागा धुतली. सगळ्यांत आधी जया आत गेली. सखुबाई दाराशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

नंतर दोघी माझ्याकडे आल्या. जयाने मग भरला आणि पूर्ण रिकामा केला. मग सखुबाईने भरला. मी बघतच होतो, आता ओठ ओले करून मच्छीकडे वळते की काय. नाही वळली. तिच्या गळ्याची घाटी वर-खाली होत राहिली आणि अख्खा मग रिकामा झाला. तिने तो पुन्हा भरला. मित्रांनो, मी माठ, मला डोळे नाहीत, नाहीतर त्या दिवशी माझं पाणी बाहेरून पाझरलं की डोळ्यांतून, हे मलाच सांगता आलं नसतं. दुपार व्हायच्या आत मी तळाला लागलो. भर थंडीत!

जयाला क्षमाबाईने वेळेवर औषध दिलं. मुलगी झाली, आता ती ओट्याभोवती रांगते आणि माझ्या थाळीवर चमचा बडवते. सखुबाई आजही बसते, आजही भांडते. तिची नेमाने तपासणी होते. उरलेली किडनी शाबूत आहे.

माझ्याबाबतीत म्हणाल, तर गेल्या उन्हाळ्यात त्यांनी नवा माठ आणला, नळ बसवलेला. साहजिकच मी पंधरा दिवस जळफळलो. पण माझी छिद्रं आता बुजलीत, माझ्यातलं पाणी पूर्वीसारखं गार होत नाही. थंडीत नव्याचं पाणी दाताला झोंबतं, म्हणून नोव्हेंबर लागल्यापासून बायका त्याला सोडून माझ्याकडे येतात. तो कोपऱ्यात बसून धुसफुसतो. मला त्याची कीव यायला हवी, पण येत नाही. गंमतच वाटते.

मित्रांनो, थंडीत तहान गप्प बसते, म्हणून तिच्या भरवशावर राहू नका. घोट घोट पीत राहा. आणि तुमच्या शाळेतही अशा मुली असतील, ज्या दप्तरातली बाटली भरलेलीच घरी नेतात, कारण मुतारी घाण असते, नाहीतर तिला कुलूप असतं. त्यांना सांगा, पाणी सोडू नका, चावी मागा. बाईंकडे मागा, सरांकडे मागा, आणि हळू आवाजात मागू नका. हे सांगतोय मी, ज्याला आज जगात सगळ्यांत जास्त हेवा त्या पत्र्याच्या दाराचा वाटतो. मी गळ्यापर्यंत भरून समोर बसलो असताना सखुबाईची एक किडनी गेली. दुसरी वाचली, ती ते दार उघडल्यामुळे.